मावशी, तो दुधी फेकून दे

रविवारी सकाळी सांगलीहून मावशीचा फोन आला. फेब्रुवारीत शेजारणीने दिलेलं बी तिने गच्चीवरच्या ड्रमात लावलं होतं. मेच्या उन्हात त्या वेलाला पहिला दुधी धरला. दोन महिने रोज दोन बादल्या पाणी जिन्याने वर नेऊन घातलेलं, त्यामुळे आवाजात आनंद मावत नव्हता. "चकती चाखली तर कडूजहर! म्हणजे असली देशीच ना? उद्यापासून अनशापोटी रस घेते. साखर उतरते म्हणे."

हे "म्हणे" आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरून आलेलं होतं. उन्हाळ्यातल्या गच्चीबागेची पाच गुपितं सांगणारा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. त्यातलं तिसरं गुपित असं: कडू दुधी टाकू नका, कडूपणा ही देशी वाणाची खूण आहे, त्याचा रस मधुमेहावर आणि हृदयावर औषध आहे.

आधी त्याच्याबद्दलच बोलतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर वेल जाईल, याने माणूस जातो.

कडू दुधीत कुकर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. 2010 मध्ये दिल्लीत दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर एका वैज्ञानिकाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल 2012 मध्ये परिषदेच्याच संशोधन नियतकालिकात छापून आला आहे. त्यातला सल्ला अगदी साध्या शब्दांत आहे. रस काढण्याआधी लहानसा तुकडा चाखा. कडू लागला तर दुधी फेकून द्या. दुधीच्या रसात दुसरा कसलाही रस मिसळू नका. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा नुसतं अस्वस्थ वाटलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा. या विषावर उतारा नाही. पोटात असह्य कळा, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणं, आणि डॉक्टरांच्या हाती फक्त सलाइन लावून माणूस सांभाळणं. 2018 च्या जूनमध्ये पुण्यात एका बाईंचा जीव दुधीच्या रसानेच गेला. त्या दिवशी सकाळी त्या पळण्याचा व्यायाम करून आल्या होत्या, म्हणजे आजारी, थकलेल्या नव्हत्या.

"मग शिजवून खाते," मावशी म्हणाली. नाही! शिजवल्याने हे विष जात नाही. जर्मनीतल्या हायडेनहाइममध्ये 2015 च्या उन्हाळ्यात 79 वर्षांचे एक गृहस्थ शेजाऱ्यांच्या बागेतली, दुधीच्याच कुळातली झुकिनी शिजवून खाऊन दगावले. तीसुद्धा त्यांनी प्रेमाने दिलेली होती.

कारलं कडू असून चालतं, मग दुधी का नाही, हा तिचा पुढचा प्रश्न. कारल्याची कडू द्रव्यं वेगळी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण ती खात आलो आहोत. खाण्यासाठी लावतात तो दुधी मुळात कडू नसतोच. तो कडू लागला की काहीतरी बिघडलंय एवढंच समजायचं.

आता दुसरं गुपित: कारल्याशेजारी लावल्याने दुधी कडवट होतो. साफ खोटं. दोघांचा संकरच होत नाही. यात अर्धं सत्य शोधायचंच तर एवढं: रानातल्या कडू दुधीचे पराग बागेतल्या दुधीवर पडले तर त्या वर्षीचं फळ बदलत नाही, पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी येणारा वेल कडू निघू शकतो. म्हणून घरी राखलेल्या बियांबाबत सावध राहायचं. पाण्याच्या ताणानेही कडवटपणा वाढतो, तेव्हा मे महिन्यात ड्रममध्ये पालापाचोळ्याचं जाड आच्छादन हवंच.

पहिलं गुपित वाचून तर माझं डोकं फिरलं. पहिली फुलं गळाली तर म्हणे वेल वांझ, उपटून टाका. अहो, ती नर फुलं असतात! दुधीला आधी नर फुलंच येतात आणि गळतात. पंधरवडाभर थांबा. मग एखाद्या संध्याकाळी फुलामागे बोटाच्या पेराएवढा, लव असलेला हिरवा दुधी दिसतो. ते मादी फूल. दुधीची पांढरी फुलं सांजेला उमलतात, रात्री पतंग येतात. चौथ्या मजल्यावर पतंग येत नसतील तर नर फूल खुडून पाकळ्या काढा आणि त्याचे पराग मादी फुलाला हलकेच लावा. दोन-तीन दिवसांत तो इवला दुधी फुगायला लागतो. मी रोज संध्याकाळी मोबाइलचा उजेड पाडून तो बघतो. असा वेल लोक उपटून टाकत असतील तर त्या मेसेजला क्षमा नाही.

चौथं गुपित, दुपारी पाणी घालू नये, हे बरोबर; ते वाफ होऊन वाया जातं. पाचवं, भुरीवर म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीवर पातळ ताक फवारण्याचं, मी फारसं ताणत नाही. दुधाच्या फवाऱ्याने भुरी आटोक्यात येते, हे मान्य.

मावशीने शेवटी दुधी टाकला, मन घट्ट करून. मग विचारलं, "आणि वेल?" म्हटलं, त्यावर अजून दोन दुधी आहेत ना, प्रत्येकाची देठाकडची पातळ चकती नुसती जिभेला लाव आणि कडू लागली की थुंक. तेही कडू निघाले तर वेल काढ, बी ठेवू नकोस, आणि शेजारणीलाही आजच सांग.