जीपीएस वॉकी-टॉकी ‘उपग्रहावर चालत’ नाही

नागपुरात जंगलात सर्वेक्षण आणि भटकंती करणाऱ्यांच्या गटांत सध्या एक संदेश फिरतो आहे : ‘जीपीएस वॉकी-टॉकी थेट उपग्रहावर चालतो. पेंचमध्ये मोबाइलचे नेटवर्क नसले तरी प्रत्येक माणूस दर दहा सेकंदांनी पडद्यावर दिसतो, २० किलोमीटरपर्यंत बोलता येते आणि परवाना लागत नाही.’

यातील पहिलेच विधान मुळात चुकीचे आहे. संचातील जीपीएस सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संकेत केवळ ऐकतो, उलट काहीही पाठवत नाही. संचाला स्वतःचे स्थान कळले, तरी ज्या रेडिओ लहरींवरून आपण बोलतो त्यांवरूनच ते पथकाच्या नियंत्रण तळापर्यंत पोहोचवावे लागते. त्यामुळे ज्या नाल्यात आवाज तुटतो तिथे पडद्यावरचा ठिपकाही थबकतो, आणि माणूस निवांत बसला आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो. ठिपका किती वेळापूर्वीचा आहे हे स्पष्ट न दाखवणारी प्रणाली माझ्या मते घेऊच नये. सिमकार्डवर चालणाऱ्या, ‘अमर्याद पल्ल्याच्या’ संचांना तर मोबाइलचा टॉवरच लागतो. ते शहरातील बंदोबस्तापुरते ठीक.

वीस किलोमीटरचे गणितही जमत नाही. सपाट माळावर दोघांनी संच दीड मीटर उंचीवर धरले, तर पृथ्वीच्या वक्रतेमुळेच मर्यादा साधारण १० किलोमीटरवर येते, आणि मध्ये झाडे व टेकड्या आल्या की ती आणखी बरीच घटते. उंचावर रिपीटर (संकेत पकडून पुढे पाठवणारे यंत्र) बसवला तर चित्र पालटते. पण मग पल्ला रिपीटरच्या जागेचा असतो, संचाचा नव्हे. शिवाय आपल्याकडचा साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो, त्यामुळे मे महिन्यात घेतलेली चाचणी ऑगस्टमधील ओल्या, दाट पानोऱ्याविषयी फारसे सांगत नाही. पानांमधून व्हीएचएफ (कमी वारंवारतेच्या) लहरी सहसा यूएचएफपेक्षा (जास्त वारंवारतेच्या लहरींपेक्षा) बऱ्या जातात, मात्र त्यासाठी लांब अँटेना सांभाळावी लागते. पानांच्या दाट छताखाली जीपीएसची अचूकताही घसरते.

दर दहा सेकंदांचा हट्ट तर संभाषणाच्याच मुळावर येतो. चाळीस संच असतील, तर मिनिटाला २४० स्थानसंदेश होतात, आणि तेवढ्यांनी एकच रेडिओमार्ग (चॅनेल) अडवला की माणसांनी बोलायचे कधी? डीएमआर या डिजिटल रेडिओ पद्धतीत १२.५ किलोहर्ट्झच्या मार्गाचे दोन टाइम स्लॉट, म्हणजे आळीपाळीने वापरायचे वेळेचे हिस्से, होतात. त्यांपैकी एक बोलण्यासाठी आणि दुसरा स्थानासाठी ठेवता येतो. पायी फिरणाऱ्या पथकासाठी दोन स्थानसंदेशांत एक-दोन मिनिटांचे अंतर पुरते.

परवान्याबाबतचे विधान अर्धसत्य आहे. वॉकी-टॉकींसाठीची सूट ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना आहे, सरसकट सर्वांना नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती याच गोंधळामुळे. विक्रेत्याने फ्रिक्वेन्सी आणि उपकरणाच्या मंजुरीचे प्रमाणपत्र लेखी दिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.