पोह्यांखालचा कागद

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी बातमी टाकली, की खाण्याच्या कागदी डब्यांना आतून प्लास्टिकऐवजी प्रथिनांचा लेप देता येतो: दुधातल्या, सोयाबीनच्या, मटारच्या. मामांनी लगेच लिहिलं, "आता डब्यालाही प्रोटीन! पळसाची पत्रावळ काय वाईट होती?" आत्याला काळजी, की लेप कशाचा ते शाकाहारी माणसाला कळणार कसं. खाली अंगठ्यांची रांग. मी ते इथे जर्मनीत फ्रायझिंगला सकाळी ट्रेनमध्ये वाचलं आणि दिवसभर चिडचिडत राहिले.

पत्रावळ वाईट नव्हतीच. पण मामा, राजवाड्यावर पोहे-जिलबी आपण पळसाच्या पानावर कधी खाल्ली? मला आठवतो तो वर्तमानपत्राचा तुकडा, पाकानं अक्षरं ओली झालेला. शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, २०१६ मध्येच तो वापरू नका असं सांगितलं. मग कागदी कप आणि प्लेटा आल्या आणि सगळ्यांना हायसं वाटलं. त्या कपाच्या आत पॉलिथिनचा पातळ थर असतो, नाहीतर चहा कागदातून पाझरला असता. लगद्यातून तो थर वेगळा काढणं साध्या कागद-गिरणीला जड जातं. तुलना करायची तर त्या थराशी करा. पत्रावळीला कशाला मध्ये ओढता?

मी राहते त्या फ्रायझिंगमध्येच फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संघटनेची एक संस्था आहे. चीज करताना उरणाऱ्या पाण्यातलं, म्हणजे व्हेतलं, प्रथिन (पनीर केल्यावर आपण मोरीत ओततो ना, तसलंच पाणी) त्यांनी प्लास्टिकच्या फिल्मवर पसरून दाखवलं. तापवलं की प्रथिनाची घडी उलगडते, रेणू एकमेकांना धरतात आणि वाळल्यावर सलग पापुद्रा होतो. नुसता पापुद्रा ठिसूळ, म्हणून त्यात ग्लिसरीनसारखं काही घालतात. कोरडा असेपर्यंत तो ऑक्सिजन उत्तम अडवतो, तेलही अडवतो. पाण्यापुढे मात्र ढिला पडतो, म्हणून त्याला दोन फिल्मांच्या मध्ये ठेवतात. आमटीच्या डब्याला एकटा लेप पुरणार नाही, हे मला मान्य आहे. पण शेव खवट होते आणि जीरावनचा, पोह्यांवर भुरभुरायच्या आपल्या मसाल्याचा, वास उडतो त्यात मोठा हात ऑक्सिजनचाच. शिवाय एन्झाइमच्या पाण्यानं हा लेप धुतला जातो आणि प्लास्टिकचे थर सुटे होतात. नेहमीच्या चकचकीत पाकिटांचं तसं होत नाही.

आत्याचा प्रश्न खरा आहे. जिलेटिन जनावराचं, व्हे दुधाचं, ग्लुटेन गव्हाचं. कशाचा लेप ते छापलंच पाहिजे, ॲलर्जीवाल्यांसाठी तर नक्कीच. पण आत्या, सोयाबीनचं काय? माळव्याची काळी माती दर पावसाळ्यात त्यानं हिरवी होते. देशाची सोयाबीन संशोधन संस्था आपल्याच खंडवा रोडवर आहे. तेल काढून उरलेली पेंड, म्हणजे डीओसी, जवळजवळ अर्धी प्रथिनच असते. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते, जहाजानं बाहेर जाते. आणि हे काही परदेशी खूळ नाही की कालचा शोध नाही. गेल्या शतकात गुळगुळीत छपाईच्या कागदावरचा लेप केसीननं आणि सोयाप्रथिनानंही धरून ठेवलेला असायचा. कच्चा माल आपल्या दारात पडलेला असताना आपण थट्टा करतो, याचा मला राग येतो.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. वर इथल्याच ट्युबिंगन शहराचंही लिहिलं, की तिथे २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्रत्येक कपावर ५० सेंट कर आहे, प्रकरण वरपर्यंत गेलं आणि घटना-न्यायालयानं तो कायम ठेवल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. मावसभावाचं उत्तर दोन ओळींत आलं. "तुमचा प्लास्टिक कचरा २०१८ पर्यंत चीनला जात होता, ताई. आमच्याकडे देवगुराडियाला रोज ५५० टन ओल्या कचऱ्याचा गॅस करायची सोय आहे."

त्यातलं चीनचं खरं आहे, देवगुराडियाचंही. मला लागलं ते "तुमचा". २०१७ मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हा मी ऑफिसात प्रत्येकाला फोटो दाखवत फिरले होते. ते माझं शहर म्हणून दाखवले होते. पण ओला-सुका वेगळा करून सकाळी गाडीपाशी उभी राहणारी आत्या आहे. मी नाही. त्या सवयीच्या वर्षांत मी तिथे नव्हते, आणि परत राहायला येईन असं आता मीही म्हणत नाही. मामांनी ते विचारणं केव्हाच सोडलंय.

मामा दर दिवाळीला जीरावन पाठवतात. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटवलेलं पाकीट, मी ज्याच्याविरुद्ध एवढं लिहिलं तेच. गेल्या वर्षीचं संपून महिने झाले. इथे ते पॅकिंगच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायचं, दर वेळी हातात घेते आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवते. उघडलं की अजून थोडा वास येतो.