बालवाडी बघायला गेलात तर वह्या मागू नका, पंधरा मिनिटं कान देऊन उभे राहा

दिवाळी संपली की पुण्यात नर्सरी-केजीच्या प्रवेशांची धावपळ सुरू होते. कोथरूड असो, सिंहगड रोड असो की वाकड, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे प्रश्न ठरलेले. एबीसीडी कधी पूर्ण होते? लिहायला कधी घेतात? होमवर्क देतात का? तीन वर्षांचं मूल जिथे ठिपक्यांवरून अक्षर गिरवतं ती शाळा चांगली, आणि जिथे ते वाळूत बसलेलं दिसतं तिथे फी वाया, असा हिशोब झालाय. या हिशोबात मुलांचं नुकसान होतंय, म्हणून सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी हाताचं बघू. मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात आणि पुढे एकेक करून टणक होत जातात. बालवाडीच्या वयात हे काम अर्ध्यावर असतं. तीन वर्षांचं मूल पेन्सिल मुठीत धरतं आणि हात खांद्यातून फिरवतं, कारण बोटांत अजून तेवढा जोर आणि ताबा नसतो. अशा वेळी रोज पानभर गिरवायला लावलं की मूल दाबून लिहितं, बोटं दुखतात, चुकीची पकड पक्की होते आणि वही बघितली की तोंड फिरवायला लागतं. लिहिण्याची खरी तयारी मटार सोलण्यात, ओला स्पंज पिळण्यात, कणकेच्या गोळ्या वळण्यात होते.

आपल्याकडे भाद्रपदात शाडू सहज मिळतो. विसर्जन बादलीत केलं असेल आणि मूर्तीला फारसा रंग नसेल तर तीच माती वर्षभर वापरता येते. माती खाली बसू द्यायची, वरचं पाणी झाडांना घालायचं, गाळ जुन्या सुती कापडावर पसरायचा आणि हाताला चिकटेनाशी झाली की मळून ओल्या फडक्यात, झाकणाच्या डब्यात ठेवायची. पाणी जास्त झालं तर मुलांचे हात नुसते बरबटतात आणि आकार टिकत नाही. कमी झालं तर कडा फुटतात. पण पाणी किती, हे ताईने परस्पर ठरवून टाकू नये. "फुटतंय, आता काय करूया?" एवढं विचारून गप्प बसावं. थोडं पाणी घालून बघणं, जास्त झालं म्हणून कोरडी माती मिसळणं, शेजारच्याला सांगणं, हे सगळं मग मुलंच करतात.

माझा खरा मुद्दा इथेच आहे. खेळणी भरपूर ठेवून मुलांना सोडून दिलं तर थोडंफारच हाती लागतं. खेळताना जे बोलणं होतं त्यातून बरंचसं शिकणं घडतं, आणि ते बोलणं कसं करायचं याचं शास्त्र आहे.

भाजीवाल्याचा खेळ घ्या. दहा-बारा खरी लिंबं, थोडी भेंडी, कोथिंबिरीची जुडी, आणि हँगरला दोन झाकणं बांधून तराजू. भाजी खरीच हवी, कारण प्लॅस्टिकच्या भेंडीला ना वास, ना वजन, ना ती मोडते. तीन वर्षांखालच्या मुलांना चिंचोके, राजमा, वाटाणे देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात, आणि नाकात गेलेलं कडधान्य ओलाव्याने फुगतं. आता मूल म्हणतं, "भेंडी घ्या." ताईने जर विचारलं, "ही कोणती भाजी? रंग कोणता?" तर खेळ तिथेच संपला, कारण कुठलंही गिऱ्हाईक भाजीवाल्याला असं विचारत नाही. त्याऐवजी ती म्हणाली, "अहो, परवाची जून निघाली हो," की मुलाला विचार करावाच लागतो. "ही कोवळी आहे, मोडून बघा!" याच खेळात "पाच लिंबं द्या" म्हटल्यावर शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही मूठभर लिंबं पुढे करतं, किंवा मोजताना पाचावर न थांबता सगळी संपेपर्यंत मोजत जातं. अंक पाठ असणं वेगळं आणि "पाच" लक्षात ठेवून पाचावर थांबणं वेगळं. हे वर्कशीटवर कधीच दिसत नाही.

प्रश्न विचारल्यावर थांबणं सगळ्यात अवघड. मोठी माणसं क्षणभर वाट बघतात आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतात. मनात सावकाश पाच अंक मोजावेत. मूल "ते... ते..." करत असेल तर त्याचं वाक्य पूर्ण करू नये. "मी आंबा खाल्ली" म्हणालं तर "असं नाही म्हणायचं" नको. "अरे वा, आंबा खाल्लास? गोड होता का?" एवढं पुरतं. बरोबर रूप कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत.

यासाठी लहान गट लागतो. पंचवीस मुलांच्या गोलात एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येतं, पाच-सहांच्या गटात खऱ्या गप्पा होतात. आणि सलग वेळ लागतो, निदान पाऊण तास. पहिली दहा-पंधरा मिनिटं तर कोण दुकानदार, कोण गिऱ्हाईक हे ठरवण्यातच जातात. वीस मिनिटांची तासिका असेल तर खेळ रंगायला लागतो आणि घंटा होते.

यातलं काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत शिंपले, बिया, दगड, पानं घेऊन हेच केलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर खेळावर आधारलेला आहे आणि शक्य तिथे घरच्या भाषेवर भर आहे.

भाषेवरून एक कळकळीची विनंती. "ॲपल खा, हँड वॉश कर" अशा बोलण्यातून मुलाला फक्त वस्तूंची नावं आणि हुकूम मिळतात. कारणं, तक्रारी, "काल जर पाऊस नसता तर" असली वाक्यं मिळत नाहीत. घरात ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि हसता, मराठी, हिंदी, कन्नड, जी असेल ती, तीच भरभरून बोला. इंग्रजी गाण्या-गोष्टींतून येत राहील.

तर शाळा बघायला जाल तेव्हा वर्ग चालू असताना जा आणि कोण जास्त बोलतंय ते ऐका, ताई की मुलं? खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी आहेत की कपाटावर? भिंतीवरची सगळी फुलं एकसारखी असतील तर ती मोठ्यांनीच कापून दिलेली असतात. वाळूचा हौद असेल तर हात घालून बघा. वाळू अगदी कोरडी असेल आणि तिच्यावर पानं-धूळ साचली असेल, तर तो माहितीपत्रकातल्या फोटोपुरता आहे.