दोन जामीनदार

काल संध्याकाळी घरी लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर बायकोचं नाव आणि पुढं 'व चिरंजीव'. मधे पेनानं मारलेली एक जाड काट. पाकीट ट्यूबलाइटसमोर धरलं की त्या काटेखाली मी दिसतो.

लग्न खालच्या मजल्यावरच्या काकांच्या नातीचं. मला खोडण्याचं कारण माझा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

सांगली-मिरजेत राहून, गुंतवणूकदाराचे पैसे न घेता, एकट्यानं काहीतरी बनवून विकणाऱ्यांचा हा ग्रुप. एकीनं द्राक्षबागायतदारांना फवारणीची आठवण करून देणारं अ‍ॅप केलंय, एकानं दवाखान्यातल्या नंबरांची सोय केलीय. माझ्यासकट 37 जण. आत यायला आतल्या दोघांची शिफारस लागते आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: तुम्ही स्वतः काय बनवता? पूर्वी दार उघडं होतं. आठवड्यात विमावाले, प्लॉटवाले आणि कमळावर लिहिलेलं शुभ सकाळ आत शिरलं. म्हणून कडी घातली.

काकांनी 40 वर्षं मार्केट यार्डात हळदीची अडत केली. चार महिन्यांपूर्वी त्यांनी मला जिन्यात गाठलं. हातात भडंगाचा पुडा होता. जिना अरुंद आहे आणि काका नाहीत.

"काय रे, आम्हाला कधी घेणार तुझ्या ग्रुपात?"

"काका, तो स्वतः काही बनवणाऱ्यांचा आहे."

"मग मी काय करत होतो? शेतकरी हळद काढणार, शिजवणार, वाळवणार, पॉलिश करून आणणार. पण त्या ढिगाचा भाव कुणी बनवला?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी नियमामागं लपलो. "आतल्या दोघांची शिफारस लागते."

"म्हणजे जामीनदार. पतसंस्था दोन जामीनदार मागते, ती कर्ज देते म्हणून. तू काय देतोस?"

"चर्चा."

काकांनी भडंगाचा बकाणा भरला. तो चावून होईपर्यंत त्यांनी चर्चेचा भाव काढला असावा, कारण तो विषय तिथंच संपला.

"माणसं किती?"

"37."

"नात म्हणत होती, एका ग्रुपात 1024 बसतात. राहिल्या 987. एवढ्या जागा कुणासाठी रुमाल टाकून धरल्यास?"

एसटीत मीही रुमाल टाकलेत, पण 987 कधी नाही.

"बरं, तू स्वतः काय बनवतोस?"

"दुकानदारांसाठी उधारीची वही. मोबाइलवर."

"गिऱ्हाईक?"

"19."

"गिऱ्हाईक 19 आणि ग्रुपात 37. म्हणजे दुकानापेक्षा चौकीदारी जोरात चाललीय लेका."

मी "बघू" म्हणालो आणि भिंतीला अंग घासत वर निघून आलो. या वाक्याला काय उत्तर द्यायला हवं होतं, ते मी अजून रात्री दोन वाजता शोधत असतो.

आपल्याकडं 'नाही' म्हणायची सोयच नाही. पत्रिकेत सहकुटुंब सहपरिवार छापायचं आणि हॉलवाल्याला ताटं मोजून सांगायची. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत पहिलं नाटक केलं, तेही सीता स्वयंवराचं. स्वयंवर म्हणजे निवडक निमंत्रितांचाच कार्यक्रम, तरी तिथंही रावण न बोलावता आलाच. धनुष्य छातीवर पडून घेतलं, पण आला. जनकानं त्याला 'बघू' म्हटलं असतं तर अजून मंडपात बसून असता.

आणि कडी घालून मी आत राखलंय काय? दोन-दोन शिफारशी जमवून, फोनवर फोन करून लोक आत येतात, 'थँक्स फॉर अ‍ॅडिंग' लिहितात आणि गुप्त होतात. सहा महिन्यांनी उगवतात ते 'कुणी चांगला सीए सांगा' म्हणत. मागच्या रविवारी विश्रामबागेत चहाला भेटायचं ठरवलं. 11 जणांनी अंगठा दाखवला, आले तिघं, त्यातला एक मोबाइल चार्ज करायला. चहाचे पैसे मी दिले. ज्यांना आत घेत नाही त्यांना कळवायची जबाबदारीही माझीच. एक नम्र नकार लिहायला मला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात विसावं गिऱ्हाईक मिळालं असतं. मिळालं नसतं म्हणा, पण शोधता तरी आलं असतं. या उद्योगाबद्दल मला आजवर मिळालेला एकमेव जाहीर सन्मान म्हणजे ती पाकिटावरची काट.

मी जेवणाचा तसा भुकेला नाही. पण स्वयंपाकाला मिरजेचा आचारी आहे, मठ्ठा आहे, आणि शनिवारी रात्री आमच्या घरात चूल पेटणार नाही हे मला स्पष्ट सांगण्यात आलंय. शेवटी आज सकाळी बायकोच खाली गेली. "काका, ह्यांना आणलं तर चालेल का?"

"आण की पोरी," काका म्हणाले. "फक्त दोन जामीनदार सांग."

बायको पहिली जामीनदार झाली, काकांसमोरच. दुसरा म्हणून वर येऊन तिनं चिरंजीवांना विचारलं. त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "बघू."