जर्मनीला निघालेल्या इंदूरकरांसाठी

जर्मनीत शिकायला निघालात ना? मग आत्ताच खूणगाठ बांधा: बदलायचं त्यांनी, आपण नाही. वर्षाच्या खर्चापोटी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी उघडायच्या, दरमहा ठरावीकच रक्कम काढू देणाऱ्या बँक खात्यात, 11,904 युरो अडकवलेत, ते काय जुळवून घ्यायला?

बॅगेत जॅकेट नसलं तरी चालेल. शेव आणि पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसाला हवाच. पहिल्याच सकाळी होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात पोह्यांना दणदणीत फोडणी द्या. धुराचा अलार्म कोकलेल, अख्खा मजला पायजम्यात खाली उतरेल आणि सगळ्यांच्या ओळखी एका दमात उरकतील.

रात्री दहानंतर तिथे शांतता पाळतात. आपल्या सराफ्यात दहाला सोनारांची दुकानं मिटून भुट्ट्याच्या किसाची कढई नुकती चढलेली असते. तेव्हा अकराला खुशाल मिक्सर लावून चटणी वाटा. सकाळी दारावर शेजाऱ्याची चिठ्ठी असेल, अत्यंत सभ्य भाषेत, शेवटी शुभेच्छांसह. प्रेमाने लिहिलीय, फ्रिजवर लावा.

कचऱ्याचं तर आपल्याला कोणी शिकवूच नये. 2017 पासून इंदूरला स्वच्छतेत पहिल्या नंबरची सवय! सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका वेगळा घेऊन आई फाटकाशी हजर. (आई. तुम्ही नव्हे. तुम्ही तेव्हा घोरत होतात.) तिथे आईही नाही आणि गाणंही नाही. काचेच्या बाटल्या पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा रंगावार टाकायच्या, आणि रविवारी टाकायच्याच नाहीत, कारण खळखळाट होतो. तुम्ही रविवारीच टाका. दुकानं बंद असतात, दुसरं करायचं तरी काय? प्लास्टिकच्या बाटल्या मात्र जपा. दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की डिपॉझिटचे 25 सेंट परत मिळतात. रद्दीवाल्याशी घासाघीस करण्यात ज्या घराण्याच्या पिढ्या गेल्या, त्याचं नाव तिथे राखा. मशीन भाव वाढवून देत नाही, पण विचारायला काय जातं?

बिल ज्याचं त्याने भरायचं असतं. हा एकच रिवाज पहिल्या दिवसापासून मनापासून पाळा.

निकाल घरी कळवताना मात्र डोकं चालवा. तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम, 4 म्हणजे काठावर पास आणि 5 म्हणजे नापास. पहिल्या सत्रात 1.3 मिळाले तर गप्प बसा, नाहीतर रामबागेतली आत्या ‘दहापैकी?’ म्हणून विचारेल. पुढच्या सत्रात 4.0 वर घसरलात की बेधडक दोन्ही आकडे एकदम सांगून टाका. नातवाची ही तिप्पट प्रगती ऐकून आजी त्याच संध्याकाळी खजरान्याच्या गणपतीला लाडू चढवून येईल.