‘कोणत्याही गाडीला चालणारा’ स्कॅनर: एका संदेशाला उत्तर

‘पाचशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, तो कोणत्याही गाडीला चालतो, त्याने दोष नाही म्हटले की गाडी ठणठणीत, दोष दाखवलाच तर तिथेच पुसून टाका, आणि कायमचा लावून ठेवलात तर मायलेजही वाढेल,’ अशा आशयाचा संदेश सध्या फिरतो आहे. आमच्या कुटुंबाच्या गटावर तो आला तेव्हा मी दुर्लक्ष केले. परंतु एअरबॅगचा दिवा लागलेली गाडी मेहुणे त्याच भरवशावर मुलांना घेऊन घाटात नेणार आहेत, हे कळल्यावर गप्प बसवेना.

म्हणून सर्वांत घातक मुद्दा आधी. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून सर्व कंपन्यांना समान असलेली जी माहिती मिळते, ती प्रदूषण-नियंत्रणाच्या नियमांपोटी ठरलेली आहे. ही माहिती कशी विचारायची हे ठरवणाऱ्या एसएई जे१९७९ या मानकाचा विषयच इंजिन आणि उत्सर्जन हा आहे, आणि भारतात १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतः नोंदवण्याची व्यवस्था, बंधनकारक झाले तेही उत्सर्जनाच्या नियमांतूनच. एअरबॅग आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) यांची कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे संगणक, वेगळी असतात आणि त्यांच्याकडून दोष वाचून घेण्याची रीत कंपनीगणिक बदलते. स्कॅनरसोबत मोबाइलवर चालणारे सर्वसाधारण ॲप एअरबॅगच्या युनिटला काही विचारतच नाही. त्यामुळे त्याच्या ‘दोष नाही’ या उत्तराचा अर्थ ‘इंजिनाकडे नोंद नाही’ एवढाच होतो. स्टिअरिंगच्या चाकामागची गुंडाळलेली पट्टी, जिला मेकॅनिक क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती तुटली की हॉर्न बंद पडतो, एअरबॅगचा दिवा लागतो आणि अपघातात चालकाची एअरबॅग न उघडण्याची शक्यता असते. अशा गाडीला हा स्कॅनर खुशाल निर्दोष ठरवील. डॅशबोर्डवर दिवा डोळ्यांसमोर जळत असताना मोबाइलवर विश्वास ठेवायचा, हे कोणते शहाणपण?

सॉकेट सारखे असते, हे खरे. केवळ चेक इंजिनचा दिवा का लागला एवढेच पाहायचे असेल, तर स्वस्त स्कॅनर बहुतेक नव्या गाड्यांवर काम भागवतो आणि गॅरेजवाल्याने उगाच घातलेली भीतीही कमी करतो, हेही मान्य करावे लागते. परंतु पिना सारख्या असल्या तरी त्यांचा वापर सारखा नसतो. फोर्डच्या अनेक गाड्यांत इंजिनाची वाहिनी (माहितीची ये-जा करणाऱ्या तारांची जोडी) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर, तर दरवाजे, एसी, ऑडिओ यांची वाहिनी ३ आणि ११ वर असते. साध्या अडॅप्टरला, म्हणजे सॉकेटमध्ये खोचायच्या स्कॅनरला, ही दुसरी जोडी जोडलेलीच नसते. म्हणून फोर्डवाल्याने फोरस्कॅन हे सॉफ्टवेअर आणि दोन्ही वाहिन्या वाचणारा अडॅप्टर घ्यावा, फोक्सवॅगन किंवा स्कोडावाल्याने व्हीसीडीएस अथवा ओबीडीइलेव्हन ही साधने पाहावीत. इतरांनीही आधी आपल्या कंपनीची, मॉडेलची आणि वर्षाची युनिट कोणते सॉफ्टवेअर वाचते हे तपासावे, मग त्या सॉफ्टवेअरने सुचवलेला अडॅप्टर विकत घ्यावा. बाजारातील बहुतेक स्वस्त अडॅप्टर गाडीची भाषा मोबाइलला समजेल अशी करणाऱ्या ईएलएम३२७ या चिपच्या नकला असतात आणि त्यांतील कित्येकांना जुन्या गाड्यांची के-लाइन, म्हणजे निदानाची जुनी एकतारी वाहिनी, धड वाचता येत नाही.

कोड, म्हणजे दोषाची नोंद, पुसणे म्हणजे दुरुस्ती, या दाव्यावर फार शब्द खर्चायला नकोत. पुसताना दोष घडला त्या क्षणीचे इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार यांची नोंदही जाते, म्हणजे मेकॅनिकला उपयोगी पडणारा पुरावाच आपण नष्ट करतो. दोष तसाच असेल तर दिवा पुन्हा लागतोच.

राहिले मायलेज. सॉकेटमध्ये खोचून इंधन वाचवण्याचा दावा करणारे नायट्रो ओबीडी२ नावाचे उपकरण फ्रान्समधील क्वार्क्सलॅब या सुरक्षा-संशोधन कंपनीने उघडून पाहिले, तेव्हा गाडीच्या वाहिनीवर बोलण्यासाठी लागणारी चिपच त्यात सापडली नाही. होते ते लुकलुकणारे दिवे. स्कॅनर निदान माहिती तरी वाचतो, पण वाचल्याने इंधन वाचत नाही. उलट सोळाव्या पिनेला किल्ली काढल्यावरही बॅटरीचा पुरवठा चालू राहतो, त्यामुळे कायम लावून ठेवलेला स्कॅनर बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरवू शकतो.