दोन टक्क्यांचा टॅक्स आणि ‘फुकट’ शिकणारी पोरं

निवडणूक लागली की कोल्हापुरात तालमीच्या ग्रुपवर जेवणावळीच्या फोटोंबरोबर अर्थशास्त्रही यायला लागतं. सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: देशात दोनच टक्के लोक टॅक्स भरतात, त्यांच्या जिवावर बाकीच्यांची पोरं सवलतीत शिकतात. या सवलतींमुळेच कॉलेजांनी फी वाढवली. पूर्वी लोक स्वतःच्या हिमतीवर शिकत होते. फुकटचं वाटप बंद केलं की टॅक्स उतरेल आणि फीसुद्धा. खाली जोडलेले हात. अडाण्यांनी नव्हे, चांगल्या शिकल्यासवरल्या नोकरदारांनी हा पुढे ढकललाय, म्हणून एकेका वाक्याचा समाचार घेतो.

‘दोनच टक्के लोक टॅक्स भरतात.’ इन्कम टॅक्सपुरतं बोलायचं तर आकडा फार चुकलेला नाही. २०२४ साली ३१ जुलैच्या मुदतीत ७ कोटी २८ लाख रिटर्न भरली गेली आणि त्यातल्या पुष्कळांचा कर शून्य होता. पगारदार माणसाला आपणच तेवढे पिळले जातो असं वाटतं, त्यात तथ्य आहे. पण टॅक्स म्हणजे फक्त इन्कम टॅक्स, हे कुणी ठरवलं?

राज्य सरकार इन्कम टॅक्स घेतच नाही. तो दिल्लीला जातो. पंधराव्या वित्त आयोगाने वाटून द्यायच्या केंद्रीय करांपैकी ४१ टक्के सगळ्या राज्यांना मिळून दिले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. राज्याची स्वतःची तिजोरी भरते ती मुख्यतः जीएसटीतला राज्याचा हिस्सा, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, घर-जमिनीच्या दस्ताची स्टँप ड्युटी आणि दारूवरचं उत्पादन शुल्क यांवर. अनुदानित कॉलेजातल्या प्राध्यापकाचा पगार आणि फीमाफीचे पैसे राज्याच्या या तिजोरीतून जातात. म्हणजे शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला जाताना गाडीत शंभराचं पेट्रोल टाकणारा कामगार त्या पगारातला आपला वाटा पंपावरच देऊन पुढे जातो. त्याला रिटर्न भरावं लागत नाही, एवढंच.

अजून खात्री हवी असेल तर महापालिकेचं घरफाळ्याचं बिल काढून बघा. रकान्यांत सामान्य कर, सफाई वगैरेंच्या जोडीला शिक्षण कराची एक ओळ सापडेल. १९६२ च्या कायद्याने बसवलेला हा राज्याचा कर महापालिका गोळा करते आणि शासनाकडे भरते. घरमालक तो बिलातून भरतो, भाडेकरू भाड्यातून. घरफाळा वाढला म्हणून मोर्चा काढणाऱ्या गावाने ही ओळ वाचलेली नसावी याचं मला नवल वाटतं.

याच मेसेजच्या एका आवृत्तीत ‘शेतकरी तर रुपयाही भरत नाही’ अशी पुरवणी आहे. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, हे खरंच. पण रासायनिक खतावर ५ टक्के जीएसटी आहे आणि बहुतेक कीटकनाशकांवर १८. कारखानदार कच्च्या मालावर भरलेला जीएसटी पुढच्या विक्रीत वळता करून घेतो. उसावर जीएसटीच नसल्याने ऊसवाल्याला वळता करायला काही उरत नाही. भरलेला कर त्याच्याच अंगावर बसतो.

आता ‘सवलतीत शिकतात’ याकडे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी ५० टक्क्यांवरून १०० टक्के झाली. चांगला निर्णय. पण ‘फुकट’ या शब्दाखाली लोकांना काय दिसतं आणि पावतीवर काय असतं, यात बरंच अंतर आहे. ओळखीच्या एका मोल्डरची, म्हणजे फाउंड्रीत साचे करणाऱ्या कामगाराची मुलगी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, इंजिनिअरिंगला लागली. त्याने पावती दाखवली. शिक्षण शुल्कासमोर शून्य. त्याखाली विकास शुल्क, अनामत, विमा, ओळखपत्र, आणि ‘इतर’ नावाची एक रक्कम, जिचा खुलासा काउंटरवर कुणाला करता आला नाही. पावतीबाहेर मेस, खोलीचं भाडं, ड्रॉइंगचं सामान, लॅपटॉप. शून्य फक्त पहिल्या ओळीत होतं.

आणि त्याआधीची दोन वर्षं? कॉलेज सरकारमान्य पदवी देत असेल तर त्याच्या फीवर जीएसटी नाही. पण त्या कॉलेजात पोहोचवणाऱ्या सीईटी-नीटच्या क्लासवर १८ टक्के आहे. राजारामपुरीतल्या कुठल्याही मोठ्या क्लासची पावती घ्या: सीजीएसटी ९, एसजीएसटी ९. एक लाखाच्या क्लासवर १८ हजार. मेसेजमधला ‘फुकटा’ बाप ११वी-१२वीच्या दोन वर्षांत सरकारला एवढे मोजून मोकळा झालेला असतो, आणि मग सवलतीचा अर्ज भरायला महाडीबीटी या सरकारी साइटवर ओटीपीची वाट बघत बसतो.

‘सवलतींमुळेच फी वाढली.’ मेसेजमधला हा सगळ्यात हुशार मुद्दा, आणि तो इथला नाही. १९८७ साली अमेरिकेचे तेव्हाचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी मांडलं की सरकार विद्यार्थ्यांना मदत वाढवतं, म्हणून कॉलेजं बिनधास्त फी वाढवतात. तिथेही अभ्यासकांचं यावर एकमत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी कॉलेजांबाबत त्याला जरा बळ मिळतं, सरकारी कॉलेजांबाबत फारसं नाही. शिवाय तिथल्या खासगी कॉलेजांची फी ठरवून देणारं सरकारी प्राधिकरण नाही. आपल्याकडे खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण संस्थेचा खर्च तपासून ठरवतं. संस्था खर्च फुगवून दाखवतात का, हा वेगळा वाद, आणि तो घालायलाच हवा. पण या मुद्द्याची खरी परीक्षा सोपी आहे. अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ही मुलींची फीमाफी लागूच नाही. सवलतीमुळे फी चढत असती तर जिथे सवलत नाही तिथे ती उतरलेली दिसायला हवी होती. आपल्याच जिल्ह्यात अभिमत विद्यापीठाच्या एमबीबीएसची फी विचारून या, आणि सीपीआर या सरकारी दवाखान्याला जोडलेल्या शासकीय मेडिकलची विचारा.

फी वाढण्याची गोष्ट या सवलतींच्या कितीतरी आधी सुरू होते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्यामुळे जागा वाढल्या, परगावी न जाता इथल्या पोरांना इंजिनिअर होता आलं, हे मान्यच. पण इमारतीपासून पगारापर्यंतचा खर्च तेव्हापासून पालकाच्या खिशावर आला. पुढे तेच वारं साध्या डिग्री कॉलेजात शिरलं. आज एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर अनुदानित बी.कॉम. आणि वरच्या मजल्यावर विनाअनुदानित बीसीए चालतं. जिना एक, फी दोन. निवृत्त प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत, प्राध्यापकीची नेट-सेट परीक्षा पास झालेली पोरं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मोबदल्यावर, राबवायची, आणि कॉलेज चालवायला नवनव्या विनाअनुदानित तुकड्या काढायच्या. सरकारने हात आखडता घेतला म्हणून पालकाचा खर्च वाढला. मेसेजने हे नेमकं उलटं सांगितलंय. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करा, असं कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तेच पुन्हा लिहिलं. तिथवर आपण अजून पोहोचलेलो नाही.

‘पूर्वी लोक स्वतःच्या हिमतीवर शिकत होते.’ हे वाक्य दुसऱ्या कुठल्या गावात खपेल, कोल्हापुरात नको. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगं उभी केली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड लावला. खर्च दरबाराचा, म्हणजे रयतेच्या पैशातला. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी कित्येकांचे आजोबा त्या बोर्डिंगात जेवले असतील.

राहिला शेवटचा दावा: वाटप बंद, की टॅक्स कमी, की फी कमी. फीमाफी राज्य देतं, इन्कम टॅक्सचे दर केंद्र ठरवतं. मुंबईने उद्या सगळ्या सवलती बंद केल्या तरी तुमच्या फॉर्म १६ वर एक रुपयाही हलणार नाही. उलट टॅक्स उतरल्याचे दाखले ताजे आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला. २०२५ च्या बजेटमध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. यानंतर तुमच्या पोराच्या कॉलेजने फी कमी केल्याचं पत्र पाठवलं का? नव्या पद्धतीत तर दोन मुलांच्या ट्यूशन फीवर ‘८०सी’खाली मिळणारी वजावट गेली, आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावटही. नोकरदाराने चिडायचंच असेल तर इथे चिडावं. आणखी एक: इन्कम टॅक्सवर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर कापला जातो, आणि उपकर असल्याने त्यातला वाटा राज्यांना मिळत नाही. शिक्षणाच्या नावाने तुम्ही भरलेले पैसे राज्याच्या तिजोरीत वाट्याने येतच नाहीत, आणि राग मात्र शेजारच्या मोल्डरच्या पोरीवर.

प्रचाराला दारात येणाऱ्यांना विचारायचं असेल तर माणूस बघून विचारा. नगरसेवकाच्या हातात कॉलेजची फी नाही. त्याला घरफाळा आणि महापालिकेच्या शाळा विचारा. आमदारकीच्या उमेदवाराला विचारा, विकास शुल्काची माफी कधी, अनुदानित कॉलेजातल्या रिकाम्या जागा कधी भरणार, आणि फीमाफीचे पैसे संस्थांना वेळेवर का मिळत नाहीत, ज्यामुळे प्रवेशाच्या दिवशी ‘आत्ता भरा, नंतर परत देऊ’ असं पोरींना ऐकावं लागतं. आणि खासदारकीच्या उमेदवाराला त्या ४ टक्क्यांचं विचारा.